रेघ कोणासाठी? : बेटम्याचा ताम्रपट, भोजपूरचे खडक आणि मॉडेलवरून निघणारे बांधकाम-नकाशे

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बेटमा हे गाव आज पीथमपूरच्या कारखान्यांच्या शेजारामुळे ओळखले जाते. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र ते एका ताम्रपटामुळे परिचित आहे. परमार राजा भोज याने विक्रम संवत १०७६ च्या भाद्रपदात, म्हणजे इ. स. १०२० मध्ये, एक गाव दान दिल्याची नोंद या ताम्रपटात आहे. कोकण जिंकल्याचा उत्सव हे दानाचे निमित्त असल्याने मराठी वाचकालाही त्याविषयी कुतूहल वाटावे. द. बा. डिसकळकर यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या १८ व्या खंडात संपादून प्रसिद्ध केला.

येथे लक्षात घ्यायची गोष्ट थोडी वेगळी आहे. दान दिलेल्या गावाची व्याप्ती ताम्रपटात केवळ शब्दांनी बांधलेली आहे. गावाची शीव कोठवर, गवत आणि गायरान कोणाचे, हे सारे ठरीव वाक्यांत सांगितले आहे. रेघ एकही नाही. त्याच राजाच्या नावाशी जोडल्या गेलेल्या भोजपूरच्या मंदिरापाशी याच्या नेमकी उलट स्थिती आढळते. बेतवा नदीकाठी, रायसेन जिल्ह्यात, भोपाळपासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेले हे शिवमंदिर अपुरेच राहिले. मात्र त्याच्या भोवतीच्या खडकांवर तलविन्यास, स्तंभ, शिखर आणि थरांच्या कडा यांची रेखाचित्रे कोरलेली आहेत, आणि मंदिराच्या दगडांवर व परिसरात कारागिरांच्या सुमारे १,३०० खुणा नोंदल्या गेल्या आहेत. म्हणजे बेटम्यास रेघेविना दस्तऐवज आहे आणि भोजपूरला जवळजवळ शब्दाविना नकाशा आहे. बांधकामाचा नकाशा हे चित्र की दस्तऐवज, हा प्रश्न त्यामुळे एकाच राजाच्या कारकिर्दीत, एकाच माळव्यात, समोरासमोर उभा राहतो.

हा प्रश्न केवळ पुरातत्त्वाचा असता तर त्यावर स्वतंत्र लेख लिहिण्याचे कारण नव्हते. गेल्या २५ वर्षांत वास्तुशास्त्राच्या कचेऱ्यांत बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे 'बिम', ही पद्धत रुजत गेली. बांधकामाच्या जागेवर या शब्दाचा आणि तुळईला म्हणायच्या 'बीम' या शब्दाचा रोज घोळ होतो, तो भाग निराळा. या पद्धतीत आधी इमारतीचे संपूर्ण त्रिमितीय मॉडेल संगणकात उभे करतात. भिंत ही तेथे दोन समांतर रेघा नसते. जाडी, उंची, विटांचा थर, गिलावा आणि किंमत हे सारे गुणधर्म असलेली ती एक वस्तू असते. मग त्या मॉडेलला हव्या त्या ठिकाणी छेद देऊन प्लॅन, उभा छेद, दर्शनी बाजू 'काढून' घेतात. हे 'काढणे' आपोआप होते, असा समज विक्रेत्यांनी पसरवला आणि पुष्कळ शिक्षकांनी तो तसाच स्वीकारला. प्रस्तुत लेखाचा रोख या समजाकडे आहे.

समजाचे मूळ जुने आहे. चार्ल्स ईस्टमन या अमेरिकन अभ्यासकाने १९७५ मध्ये या विषयावर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच रेखाचित्रांच्या ऐवजी संगणक वापरण्याची भाषा होती. कागद जाणार, मॉडेल राहणार, हे मूळ स्वप्न. बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्ट कंपनीचे 'आर्किकॅड' १९८० च्या दशकात आले. 'रेव्हिट' २००० मध्ये आले आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतले. २०१८ मध्ये या साऱ्या माहितीच्या व्यवस्थापनासाठी आयएसओ १९६५० हे आंतरराष्ट्रीय मानक निघाले. महाराष्ट्रात नागपूर मेट्रोने मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडून पाच मितींची पद्धत अवलंबिली, हे उदाहरण सर्वपरिचित आहे. तरीही कागद गेला नाही. करारनाम्याला नकाशेच जोडले जातात, वाद झाला तर नकाशाच पुढे केला जातो, आणि सेंट्रिंगवर उभ्या असलेल्या सळईच्या फिटरच्या हातात सळयांचा तक्ता आणि घडी पडलेला कागदच असतो. जे जाणार होते ते राहिले. त्याचा दर्जा मात्र घसरला, अशी तक्रार या क्षेत्रातील जाणकारांकडून वारंवार ऐकू येते.

तक्रारीत तथ्य कितपत आहे, हे एका साध्या उदाहरणाने तपासता येते. शाळेच्या स्वच्छतागृहाचा प्लॅन घ्यावा. प्लॅन म्हणजे इमारत जमिनीपासून ठरावीक उंचीवर आडवी कापून वरून पाहणे. संगणकात ही उंची बहुधा आधीच १,२०० मिलिमीटर अशी ठरवून दिलेली असते. आपल्याकडे स्वच्छतागृहाचा व्हेंटिलेटर लिंटेलखाली, म्हणजे १,२०० च्या कितीतरी वर असतो. परिणामी मॉडेलमध्ये तो बिनचूक बसवलेला असूनही प्लॅनमध्ये तेथे सलग भिंत दिसते. गवंडी प्लॅन पाहून भिंत लावतो. खिडकीवरचा छज्जा, माळा, डोक्यावरची तुळई यांचेही तेच. हाताने काढणारा जुना आरेखक या सर्व गोष्टी तुटक रेघेने दाखवी, कारण त्याला ठाऊक होते की खाली उभ्या असलेल्या माणसाला वर काय येणार हे आताच कळले पाहिजे. संगणकाला हे ठाऊक नाही. त्याला सांगता येते, आणि सांगितले की तो निमूट ऐकतो. पण सांगावे लागते हे ज्याला शिकवलेच नाही, तो सांगणार कसा?

दुसरे उदाहरण मापांचे. मॉडेलमधील भिंतीला गिलाव्याचे थर असतात, म्हणून संगणक सहजपणे गिलाव्याच्या बाहेरच्या पृष्ठापासून माप देतो. गवंड्याचे काम मात्र विटेपासून सुरू होते. २३० मिलिमीटरच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी गिलावा आला की ती २५० च्या पुढे जाते. खोलीचे माप विटेपासूनचे की गिलाव्यापासूनचे, हे नकाशावर सांगितले नसेल तर चौकट बसवताना जो दोन-तीन सूत कमीजास्तपणा निघतो, त्याचे खापर मिस्त्रीच्या माथी फुटते. पाडून पुन्हा करण्याची मजुरी अंगावर काम घेणाऱ्यालाच सोसावी लागते. नकाशाची अस्पष्टता ही कचेरीतील सौंदर्यदृष्टीची बाब नसून ती कोणाच्या तरी दिवसाच्या कमाईतून वजा होते. कम्युनिटी कॉलेजात येणारे कितीतरी विद्यार्थी ज्या घरांतून येतात, त्या घरांतली ही कमाई असते.

येथे 'सूत' या शब्दापाशी थोडे थांबायला हरकत नाही. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, हे माप माळव्यापासून कोकणापर्यंतचे कारागीर आजही बोलतात. नकाशे मिलिमीटरमध्ये, बोलणे सुतांत. भोजाच्या नावावर असलेला वास्तुग्रंथ 'समराङ्गणसूत्रधार' याच्या शीर्षकातही तेच सूत्र आहे: सूत्रधार म्हणजे हाती दोरी असलेला, आखणी करणारा. हा ग्रंथ टी. गणपती शास्त्री यांनी संपादून बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यात स्थपतीच्या लक्षणांचा एक अध्याय आहे. केवळ शास्त्र जाणणारा पण प्रत्यक्ष कामात मुरलेला नसणारा स्थपती ऐन कामाच्या वेळी गोंधळतो, आणि केवळ हात चालणारा पण शास्त्र न जाणणाराही तितकाच अपुरा, असा त्याचा आशय. मॉडेल करणारा एक आणि बांधणारा दुसरा, अशी फाळणी त्या ग्रंथाला मान्य झाली नसती.

आता भोजपूरच्या रेघांकडे पुन्हा पाहावे. अ‍ॅडम हार्डी यांनी या रेखाचित्रांचा 'समराङ्गणसूत्रधार'शी ताडून अभ्यास केला आणि २०१५ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याआधी किरीट मनकोडी यांनीही भोजपूरवर लिहिले होते. हार्डींच्या अभ्यासाचा मोठा गुण असा की, रेखाचित्रांना ते शोभेची वस्तू मानत नाहीत. ग्रंथातील शब्द आणि खडकावरील रेघ एकमेकांना कसे पूर्ण करतात, हे ते पाहतात. त्यातून पुढचा विचार असा सुचतो. खडकावर छिन्नीने रेघ ओढायला वेळ लागतो आणि ती पुसता येत नाही. तेथे फुकटची रेघ नसते. प्रत्येक रेघ कोणीतरी, कोणासाठी तरी, किंमत मोजून ओढलेली असते. संगणकात रेघेला किंमत नाही. मॉडेलला छेद दिला की त्या प्रतलावर जे जे आहे ते सर्व रेघ होऊन येते: नळाच्या तोटीचा वळसा, फरशीचा प्रत्येक सांधा, दाराच्या मुठीचा गोल. १:१०० प्रमाणावर या सर्व रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग होतो आणि भिंत कोठे संपली हे कळेनासे होते. जुन्या आरेखकाला थोडे दाखवण्यासाठी श्रम करावे लागत नसत, जास्त दाखवण्यासाठी करावे लागत. नव्या आरेखकाचे उलट झाले आहे. त्याचे मुख्य काम वगळण्याचे आहे, आणि अभ्यासक्रमात ते बहुधा कोठेच नाही.

वगळण्याची ही कला इस्लामी वास्तुपरंपरेने फार सूक्ष्मपणे जोपासली. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या संग्रहात एक गुंडाळी आहे. गुलरू नेजिपोग्लू यांनी १९९५ मध्ये ती अभ्यासासह प्रकाशित केली. पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या आसपासच्या या गुंडाळीत ११४ आकृत्या आहेत. काही आकृत्या मुकर्नसच्या, म्हणजे घुमटाखालच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या थरांच्या, पण दाखवल्या आहेत केवळ सपाट, वरून. उंची दिलेलीच नाही. ती कारागिराच्या शिक्षणात होती. त्याहूनही बोलकी बाब म्हणजे आकृती रचताना लागणाऱ्या साहाय्यक रेघा टोकदार हत्याराने कागदावर नुसत्या ओरखडलेल्या आहेत, त्यांत शाई भरलेली नाही. रचणाऱ्याला लागणारी रेघ आणि वाचणाऱ्याला लागणारी रेघ या दोन वेगळ्या, हे त्या उस्तादाने शाई न वापरून सांगितले. इराणात तख्त-ए-सुलेमान येथे तेराव्या शतकातील मुकर्नसची आकृती कोरलेली गिलाव्याची पाटी सापडली आहे; तीही भोजपूरच्याच कुळातली म्हणावी लागेल. मराठीतील 'नकाशा' आणि उर्दूतील 'नक्शा' ज्या अरबी धातूवरून आले त्या 'नक्श'चा अर्थ कोरणे, ठसा उमटवणे असाच आहे. 'नक्षी' त्याच घरातली. भाषेने नकाशा आणि कोरीव रेघ यांचे नाते जपून ठेवले.

येथे एक आक्षेप संभवतो. भोजपूरचा किंवा समरकंदचा कारागीर पिढीजात शिकलेला होता. त्याला थोडे दाखवले तरी चालत होते. आजचा मजूर आज या जागी, उद्या त्या जागी. त्याला सारे दाखवावेच लागणार, आणि मॉडेल सारे दाखवते. आक्षेपात अर्धे सत्य आहे. सारे सांगावे लागते हे खरे, पण सारे एकाच कागदावर सांगावे लागते हे खरे नाही. १:१०० वरचा प्लॅन जागा सांगतो, १:२० वरचा तपशील जोडणी सांगतो, दारे-खिडक्यांचा तक्ता संख्या सांगतो. एक माहिती एकाच ठिकाणी द्यावी, आणि बाकी ठिकाणाहून तिकडे बोट दाखवावे, हा आरेखनाचा जुना दंडक आहे. इंडियन स्टँडर्ड ९६२ ही वास्तु-नकाशांची संहिता आणि शाळा-महाविद्यालयांसाठी भारतीय मानक ब्यूरोने काढलेले एसपी ४६ हे पुस्तक, दोन्ही उपलब्ध आहेत. रेघेच्या जाडीपासून काटलेल्या भागाच्या छायांकनापर्यंत सर्व संकेत तेथे सापडतात. हे संकेत संगणकाच्या आधीचे म्हणून बाजूला ठेवले गेले, हे दुर्दैव. कापलेली वस्तू जाड रेघेने, मागे दिसणारी बारीक रेघेने, डोक्यावरची तुटक रेघेने, या तीन गोष्टी पाळल्या तरी निम्मा गोंधळ मिटतो.

नगरपालिकेच्या मंजुरीसाठीच्या नकाशात असे संकेत काटेकोर पाळले जातात, हे गमतीचे आहे. नवे काम लाल, पाडायचे काम पिवळ्या तिरप्या रेघांनी, असे रंग नियमानेच ठरलेले. कारण तेथे वाचक ठरलेला आहे: कचेरीतला अभियंता. तो नकाशा परत पाठवू शकतो. गवंडी परत पाठवू शकत नाही.

मॉडेलच्या बाजूने जे म्हणण्यासारखे आहे ते म्हटलेच पाहिजे, नाहीतर टीका एकांगी ठरेल. हाताने काढलेल्या नकाशांत प्लॅन एक सांगे आणि छेद दुसरे, हा नेहमीचा झगडा होता. खिडकी प्लॅनमध्ये सरकवली आणि दर्शनी बाजूत सरकवायची राहिली की मोठी भांडणे होत. मॉडेलमध्ये खिडकी एकदा सरकवली की ती सर्वत्र सरकते. दारांचा तक्ता आपोआप अचूक मोजला जातो. तुळईतून जाणारा सांडपाण्याचा पाइप कागदावर कोणाच्या लक्षात येत नसे, तो आता ओतकामाआधी सापडतो. हा लाभ लहान नाही. मात्र त्याच्या पोटातच एक धोका आहे. जुने दोन नकाशे एकमेकांशी भांडत, तेव्हा त्या भांडणातून चूक उघड होई. एका मॉडेलमधून निघालेले पन्नास कागद कधीच भांडत नाहीत. मॉडेल चुकले तर सगळे कागद एकमताने चुकतात, आणि इतके एकमत पाहून कोणाला शंकाही येत नाही. शिवाय ठरावीक प्रमाणाच्या पुढे मॉडेल थकते. खिडकीच्या उंबऱ्यावरून पाणी आत येऊ नये म्हणून दगडाला किती उतार द्यायचा, खालून पाणतोड खाच कोठे मारायची, हे कोणी सहसा त्रिमितीत रचत नाही. तेथे मॉडेलच्या छेदावर हाताने सपाट रेघा चढवाव्या लागतात. इमारत गळते ती अशाच सांध्यांतून. म्हणजे नकाशाचा जो भाग सर्वांत महत्त्वाचा, तोच 'आपोआप' निघत नाही.

इंदूर शहरातच या चर्चेला पूरक असे एक उदाहरण आहे. बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात आखलेली अरण्य वसाहत सुमारे ८५ हेक्टरांवर पसरली आहे. १९९५ मध्ये तिला आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला, आणि दोशींना २०१८ मध्ये प्रित्झकर पुरस्कार लाभला. अरण्यात अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना लहान भूखंड, जोते आणि नळ-शौचालयाची सोय एवढेच मिळायचे होते. घर त्यांनी ऐपतीप्रमाणे, टप्प्याटप्प्याने स्वतः बांधायचे होते. दोशींनी अरण्याची लघुचित्रांच्या धाटणीतली जी चित्रे केली, ती पुस्तकांतून गाजली आणि सुंदरही आहेत. पण ती त्या कुटुंबांसाठीचा नकाशा नव्हती. कुटुंबांसाठी ८० नमुना-घरे प्रत्यक्ष बांधून दाखवली गेली. जिना बाहेरून कसा घ्यायचा, ओटा रस्त्यावर कसा उघडायचा, पुढची खोली नंतर कशी जोडायची, हे वीट-सिमेंटमध्येच वाचता येत होते. हेही एक मॉडेलच, पण वाचकाच्या भाषेतले. चित्र विद्वानांसाठी, मंजुरीचा नकाशा कचेरीसाठी, नमुना-घर राहणाऱ्यासाठी, अशी ही विभागणी दोशींच्या प्रकल्पात स्पष्ट होती. आजच्या कचेऱ्यांत एकाच मॉडेलमधून निघालेला एकच कागद ग्राहक, पालिका आणि गवंडी या तिघांना दिला जातो.

भाषेचा मुद्दा यातूनच पुढे येतो. नकाशावरील टिपा जवळजवळ सर्वत्र इंग्रजीत असतात. बांधकामाच्या जागेवरची भाषा मात्र वेगळीच घडलेली आहे: 'मिस्त्री' पोर्तुगीजांकडून आला, 'नकाशा' आणि 'इमारत' अरबी-फारसीतून, 'जोते', 'ओळंबा' देशी, 'लिंटेल', 'सेंट्रिंग', 'शटरिंग' इंग्रजीतून. माळव्यात गेल्यास ओळंब्याचा 'साहुल' होतो, आणि साहुल म्हटल्यावर उर्दू शाळेतून आलेल्या मुलाला तो लगेच कळतो. युनिकोडमुळे देवनागरी किंवा उर्दू टीप नकाशावर लिहिणे आज तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. 'येथे विटेपासून माप' एवढे तीन शब्द मराठीत किंवा हिंदीत लिहिले तर वर वर्णिलेला गिलाव्याचा घोळ टळतो. ते लिहिले जात नाहीत, कारण नकाशाची प्रतिष्ठा इंग्रजीशी जोडलेली आहे. शुद्ध संस्कृतप्रचुर परिभाषा करून हा प्रश्न सुटणार नाही. 'अवलंबसूत्र' छापले तर ते इंग्रजीइतकेच परके ठरेल. जागेवर जो शब्द बोलला जातो तोच कागदावर यावा, मग तो कोणत्याही घरचा असो.

आयटीआयमधील ड्राफ्ट्समन सिव्हिल या अभ्यासक्रमाने आणि त्यासारख्या छोट्या अभ्यासक्रमांनी कारागिरांच्या घरांतील अनेक मुलांना कचेरीत प्रथमच खुर्ची मिळवून दिली. आता त्या खुर्चीचे काम बदलते आहे. मॉडेलमधून कागद 'काढणे' एवढेच शिकवले तर त्या मुलाची जागा पुढच्या आवृत्तीतले एखादे बटण घेईल. कोणता छेद कोठे घ्यायचा, काय तुटक दाखवायचे, काय अजिबात दाखवायचे नाही, हे ठरवणारा माणूस मात्र सहजी बदलता येणार नाही. सुताराच्या किंवा गवंड्याच्या घरातून आलेल्या मुलाला येथे एक भांडवल आधीच मिळालेले असते: कागद हाती घेतल्यावर बाप कोठे अडतो, हे त्याने पाहिलेले असते. सध्याच्या परीक्षांत या भांडवलाला गुण नाहीत. गुण आहेत ते आज्ञा पाठ असण्याला आणि रंगीत त्रिमितीय चित्राला.

परीक्षा बदलणे त्यामानाने सोपे आहे. विद्यार्थ्याने मॉडेलवरून काढलेला स्वच्छतागृहाचा एक कागद, तोंडी खुलासा न करता, एखाद्या अनुभवी गवंड्याच्या हाती द्यावा आणि जमिनीवर चुन्याने आखणी करून घ्यावी. गवंड्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून घ्यावा. किती प्रश्न आले यावर नव्हे, तर त्या प्रश्नांना उत्तर म्हणून विद्यार्थी कागदावर काय बदलतो, काय पुसतो आणि कोणती टीप कोणत्या भाषेत लिहितो, यावर गुण द्यावेत. २००६-०७ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली भोजपूरच्या मंदिराचा एक गहाळ स्तंभ नव्याने घडवून बसवला. सुमारे १२ टन वजनाचा तो स्तंभ घडवणारे हात या शतकातल्या पाथरवटांचे होते. नऊशे-साडेनऊशे वर्षांपूर्वी अपुऱ्या राहिलेल्या त्या कामाचे माप त्यांना मूळ स्तंभांच्या दगडावरून वाचता आले.